ध्यान आणि आरोग्य : एका समजुतीचा कालनिश्चय

ध्यान केल्यानें रक्तदाब उतरतो, झोंप चांगली लागते, चिंता कमी होते आणि मनास शांति मिळते, असें हल्लीं सर्वत्र ऐकूं येतें. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ६ डिसेंबर २०२४ रोजीं ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यानदिन ठरविला, तेव्हां या विधानास जणूं सर्व राष्ट्रांची संमति मिळाली. या विधानास दुसरें एक विधान बहुधा जोडलेलें असतें. तें असें कीं, आमच्या पूर्वजांनीं हजारों वर्षांपूर्वीं याच हेतूनें ध्यानमार्ग शोधून काढला. यांपैकीं पहिलें विधान वैद्यकाचें आहे व त्याचा निवाडा वैद्यांनीं करावा. दुसरें मात्र इतिहासाचें आहे, आणि इतिहासाच्या विधानास पुरावा लागतो. तो पुरावा काय सांगतो, हें तपासणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. जुन्या योगग्रंथांत आरोग्याचा विचार आहे आणि तो पुष्कळ आहे; परंतु तेथें आरोग्य हें ध्यानाचें साधन, किंवा फार तर वाटेंत हातीं लागणारें आनुषंगिक फल, असें मानलेलें आहे. आरोग्य हें साध्य आणि ध्यान हें त्याचें साधन, हा उलट क्रम मुख्यतः विसाव्या शतकांत रूढ झाला. आणि तो रूढ होण्यांत महाराष्ट्रांतील लोणावळें या गांवाचा वांटा मोठा आहे. हें सिद्ध करण्यासाठीं आम्ही आधीं ग्रंथपुरावा व मागाहून अर्वाचीन घटना अशा क्रमानें विषय मांडतों.

१. योगसूत्रांची साक्ष

पातंजल योगसूत्रांच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकापासून सनाच्या पांचव्या शतकापर्यंत निरनिराळे पक्ष मांडले गेले आहेत. आमच्या मुद्द्यास हा वाद आड येत नाहीं. पहिल्या पादाच्या तिसाव्या सूत्रांत चित्तास विचलित करणारे नऊ अडथळे मोजले आहेत. मनाचा जडपणा, संशय, हयगय, आळस, विषयांची ओढ, विपरीत समज, योगाची भूमिका न लाभणें आणि लाभलेली न टिकणें, हे त्यांतले आठ होत. या सर्वांच्या आधीं, अगदीं पहिल्या स्थानीं, जो अडथळा सांगितला आहे तो रोग होय. सूत्रावरील व्यासभाष्यांत रोगाची व्याख्या धातु, रस व इंद्रियें यांचें वैषम्य अशी केली आहे. ही भाषा उघड उघड वैद्यकाची आहे. म्हणजे भाष्यकारास वैद्यक ठाऊक होतें, आणि तरीहि योग हें त्या रोगाचें औषध आहे असें तो येथें म्हणत नाहीं. रोग असेल तर चित्त स्थिर होत नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें आहे.

याच्या पुढील सूत्रांत हे अडथळे आले म्हणजे दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता हीं बरोबर येतात असें सांगून मग उपाय दिले आहेत. सुखी लोकांशीं मैत्री, दुःखितांविषयीं करुणा, पुण्यवानांविषयीं आनंद व पापी लोकांविषयीं उपेक्षा ही वृत्ति बाणविणें. श्वास बाहेर टाकून रोधणें. आणि शेवटीं, ज्यास जें रुचेल त्याचें ध्यान करणें, असे ते उपाय आहेत. आजचा वाचक हीं सूत्रें वाचून म्हणेल कीं मनःशांतीचे सारे उपाय येथें आहेतच. तें खरें आहे. पण ही प्रसन्नता सूत्रकारास कशासाठीं हवी आहे, इकडेहि लक्ष दिलें पाहिजे. प्रसन्न चित्त स्थिर होतें आणि स्थिर चित्त समाधीस योग्य होतें, असा तो क्रम आहे. शांति हा तेथें मुक्कामाचा गांव नसून वाटेंतला टप्पा आहे. तिसऱ्या पादांत रूप, बल व वज्रासारखा दृढपणा ही शरीराची संपत्ति वर्णिली आहे खरी. पण अशा सिद्धि समाधीच्या मार्गांत विघ्नरूप आहेत असा इशाराहि त्याच पादांत दिलेला आहे.

२. प्रतिकूल पुराव्याचा विचार

आमच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा दडवून ठेवणें योग्य होणार नाहीं. तो तीन ठिकाणीं आढळतो.

पहिलें ठिकाण श्वेताश्वतरोपनिषदाचा दुसरा अध्याय. त्यांत ध्यानासाठीं सपाट, स्वच्छ, खडे, अग्नि व वाळू यांपासून मुक्त आणि गलबल्यापासून दूर अशी जागा निवडण्यास सांगितलें आहे. पुढें शरीराचा हलकेपणा, आरोग्य, निर्लोभता, कांति व मधुर स्वर हीं योगाचीं लक्षणें दिलीं आहेत. येथें आरोग्य स्पष्टपणें योगाचें फल म्हणून आलें आहे. परंतु उपनिषत्कार त्यास योगप्रवृत्तीची पहिली पायरी म्हणतो. प्रवासी योग्य वाटेनें चालला आहे एवढेंच दाखविणारी ती खूण आहे.

दुसरें ठिकाण चरकसंहिता, आणि हा पुरावा अधिक वजनदार आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत शारीरिक दोषांचे व मानस दोषांचे उपाय वेगळे करून मनाच्या दोषांसाठीं ज्ञान, धैर्य, स्मृति इत्यादींबरोबर समाधीचीहि गणना केली आहे. अकराव्या अध्यायांत चिकित्सेचे तीन प्रकार सांगतांना सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनास आवरणें, हा तिसरा प्रकार मानला आहे. तेव्हां मनाच्या व्यथेवर मनाच्या निग्रहाचा उपाय करावा ही कल्पना प्राचीन आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, ती वैद्याच्या ग्रंथांत आली आहे आणि तिचें क्षेत्र मानस दोषांपुरतें आहे.

तिसरें ठिकाण पालि वाङ्मयांतील गिरिमानंदसुत्त. गिरिमानंद नांवाचा भिक्षु आजारी असतां बुद्धानें आनंदाकरवीं त्यास दहा संज्ञा ऐकविल्या. त्यांत श्वासोच्छ्वासावरील स्मृति हीहि एक होती, आणि तें ऐकून त्याचा आजार शमला असें तें सुत्त सांगतें. पण या दहांत अनित्यता, अनात्मता, देहाची अशुचिता आणि देहास जडणाऱ्या रोगांचें चिंतन यांचाहि समावेश आहे. ज्या उपदेशानें रोग बरा झाला, तो उपदेश देहावरील आसक्ति सोडण्याचा होता.

या तीन साधनांवरून आमच्या विधानास जी मर्यादा पडते ती अशी : ध्यान व आरोग्य यांचा संबंध प्राचीनांस अवगत होता, परंतु केवळ देहाच्या आरोग्यासाठीं ध्यानमार्ग निर्माण झाला, असें यांतील एकहि ग्रंथ म्हणत नाहीं.

३. हठग्रंथ व त्यांतील इशारे

मध्ययुगांतील हठयोगाच्या ग्रंथांत हा संबंध अधिक दाट होतो. स्वात्मारामाची हठप्रदीपिका सामान्यतः पंधराव्या शतकांतील मानतात. तींत आसनांनीं स्थैर्य, आरोग्य व अंगाचा हलकेपणा येतो असें म्हटलें असून, मत्स्येंद्रासनानें जठराग्नि प्रदीप्त होतो, अमक्या क्रियेनें कफ जातो, अशीं फलें पदोपदीं दिलेलीं आहेत. तरीहि ग्रंथकार आरंभींच हठविद्येस राजयोगावर चढण्याची शिडी म्हणतो. धौति, बस्ति, नेति इत्यादि सहा क्रिया ज्यांच्या अंगीं मेद व कफ अधिक आहे त्यांनींच प्रथम कराव्या, इतरांनीं करूं नयेत, असेंहि तो बजावतो. म्हणजे देहशुद्धि सुद्धां गरजेपुरतीच सांगितली आहे.

याच ग्रंथांतील दुसरी गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाहीं. सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू वश करावा तसा प्राणवायु हळूहळू वश करावा, नाहीं तर तो साधकाचाच घात करतो, असें स्वात्माराम म्हणतो. योग्य प्राणायामानें सर्व रोग जातात आणि अयोग्य अभ्यासानें सर्व रोग उत्पन्न होतात, हीं दोन्ही विधानें तेथें एकत्र आहेत. उचकी, दमा, खोकला, मस्तक, कान व डोळे यांच्या वेदना हीं त्या चुकीचीं फलें म्हणून सांगितलीं आहेत. कैवल्यधामानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या आवृत्तींत या ग्रंथाचा एक पांचवा उपदेशहि छापला आहे. चुकीच्या अभ्यासामुळें जे विकार होतात त्यांची चिकित्सा हा त्याचा विषय आहे. हठयोग्याच्या हातीं जी चिकित्सा होती, तिचा पहिला रोगी स्वतः योगीच होता, हें यावरून उघड होतें.

४. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय

मराठी वाचकास या विषयांत सर्वांत जवळचें साधन म्हणजे शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवाशास झालेली ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी व निवृत्ति अशी नाथपंथाची असल्यामुळें, गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहितांना त्यांनीं मूळ श्लोकांच्या पुष्कळ पलीकडे जाऊन योगाभ्यासाचें सांगोपांग वर्णन केलें आहे. ज्या जागीं गेल्यावर पाखंड्यासहि तप करावेंसें वाटेल अशी रम्य जागा, आसनाची मांडणी, तीन बंध, कुंडलिनीचें जागें होणें, तिनें देहांतील मांस व रस यांचा ग्रास घेणें आणि त्यानंतर देहास येणारी नवी कांति, हें सारें त्यांनीं असें रंगविलें आहे कीं मराठींत त्यास तोड नाहीं.

येथपर्यंत वाचून थांबल्यास, योगानें देह नवा होतो हाच ज्ञानेश्वरांचा निष्कर्ष आहे असें कोणासहि वाटेल. पण वर्णन तेथें थांबत नाहीं. तो तेजस्वी देह पुढें सूक्ष्म होत होत विरून जातो, आणि पिंडानेंच पिंडास गिळावें ही नाथपंथाची खूण आपण उघड करीत आहोंत असें ज्ञानेश्वर सांगतात. देह सुंदर झाला तो टाकून देण्यासाठीं! आरोग्याच्या जाहिरातींत हा भाग घालणें कोणासहि परवडणार नाहीं. आहार, विहार व झोंप यांत मित असावें हा गीतेचा उपदेश मात्र त्याच अध्यायांत आहे, आणि आरोग्यार्थीं मनुष्यास खरोखर उपयोगी पडेल असा भाग तोच होय. तो तेथें योगाची पूर्वतयारी म्हणून आलेला आहे.

५. लोणावळ्याचे प्रयोग

एकोणिसाव्या शतकांत योग्यांकडे पाहण्याची दृष्टि प्रथम कुतूहलाची होती. १८३७ सालीं लाहोरास रणजितसिंहाच्या दरबारीं एका साधूस जमिनींत पुरून कित्येक दिवसांनीं जिवंत बाहेर काढल्याची हकीकत इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहून ठेविली. त्याच शतकाच्या मध्यास नवीनचंद्र पाल या डॉक्टरांनीं काशी येथें योगशास्त्रावर इंग्रजी पुस्तक काढून श्वासरोधाची मीमांसा वैद्यकाच्या दृष्टीनें केली. पण हे सुटे प्रयत्न होते.

व्यवस्थित आरंभ झाला तो नर्मदाकांठीं मालसर येथें राहणाऱ्या परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांकडून. मणिभाई हरिभाई देसाई, जे पुढें श्रीयोगेंद्र या नांवानें प्रसिद्ध झाले, यांनीं १९१८ सालीं मुंबईजवळ वेसावें येथें योगसंस्था काढली. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. यांचा जन्म १८८३ सालीं डभोईस झाला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या व्यायामशाळेंत ते तयार झाले, आणि पुढें खानदेशांत अंमळनेरास राष्ट्रीय शिक्षणाचें काम त्यांनीं कांहीं वर्षें केलें. माधवदासांच्या सहवासांत ज्या क्रिया त्यांनीं पाहिल्या, त्या खऱ्या आहेत काय, आणि असल्यास शरीरांत काय घडतें, हा प्रश्न त्यांच्या मनानें घेतला. उड्डियान व नौलि या क्रियांच्या वेळीं पोटांत काय होतें हें त्यांनीं बडोद्याच्या रुग्णालयांत क्षकिरणांच्या साहाय्यानें पाहिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीं योगमीमांसा हें त्रैमासिक सुरू झालें. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांत अंशतः निर्वात स्थिति उत्पन्न होते, हें दाबमापकानें दाखवून त्यांनीं त्या स्थितीस आपल्या गुरूचें नांव दिलें.

या उद्योगाचें महत्त्व त्याच्या पद्धतींत आहे. गुरूचा शब्द प्रमाण मानणाऱ्या परंपरेंतील शिष्यानें गुरूची विद्या यंत्रापुढें ठेविली, आणि तसें करणें हा गुरुद्रोह आहे असें त्यास वाटलें नाहीं. १९२७ सालीं गांधीजींनीं स्वतःच्या प्रकृतीसंबंधीं कुवलयानंदांशीं पत्रव्यवहार करून त्यांचा सल्ला घेतला. १९३६ सालीं मुंबईस चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यांच्या नांवानें यौगिक आरोग्यकेंद्र उघडलें. दोन संस्थांचीं नांवें शेजारीं ठेवून पाहावीं. १९२४ सालच्या संस्थेचें नांव कैवल्यावरून, म्हणजे मोक्षावरून, पडलें. १९३६ सालच्या संस्थेच्या नांवांत आरोग्य आलें. बारा वर्षांच्या या अंतरांत एका प्राचीन विद्येचा क्रम उलटलेला दिसतो. कुवलयानंदांनीं स्वतः मोक्षाची वाट सोडली, असा याचा अर्थ कोणी करूं नये. १९६६ सालीं देहावसान होईपर्यंत ते साधकच राहिले. परंतु संस्थेच्या दाराशीं येणारा मनुष्य बदलला. पूर्वीं मुमुक्षु येई, आतां रोगी येऊं लागला.

असें होण्याचीं कारणें, आमच्या मतें, तीन होतीं. बडोदें, औंध इत्यादि ठिकाणीं जी व्यायामाची चळवळ चालली होती तिनें शरीरबल हें राष्ट्रकार्य ठरविलें होतें. इंग्रजी शिकलेल्या वर्गास प्रयोगाच्या पुराव्याशिवाय योगाविषयीं आदर वाटत नव्हता. आणि रुग्णालयांतील नवीं यंत्रें त्याच सुमारास हातांशीं आलीं होतीं.

६. ध्यानाचें मापन

येथपर्यंतचें मापन बहुतेक आसनें, बंध व प्राणायाम यांचें होतें. प्रत्यक्ष ध्यानाकडे यंत्र वळलें तें त्यानंतर. १९३५ सालीं तेरेझ ब्रोस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाई वाहून नेतां येण्याजोगें हृद्‌लेखनयंत्र घेऊन हिंदुस्थानांत आल्या. अमेरिकेंतील येल विद्यापीठांतील संशोधक बेहनान यांनीं लोणावळ्यास राहून अभ्यास केला व १९३७ सालीं आपलें पुस्तक काढलें. १९५७ सालीं वेंगर व बागची हे दोन संशोधक मेंदूच्या लहरी टिपणारें यंत्र घेऊन देशभर हिंडले. हृदय बंद पाडतों असें म्हणणाऱ्या योग्यांची त्यांनीं परीक्षा घेतली, तेव्हां नाडी व हृदयाचे ठोके ऐकूं येईनासे झाले, तरी हृद्‌लेख मात्र चालूच राहिला. १९६१ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनीं ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूच्या लहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरच्या आघातांनीं त्या लहरी खंडित होत नाहींत असें त्यांस आढळलें.

पुढें हें काम अमेरिकेंत गेलें. १९७० सालीं वॉलेस यांनीं महर्षि महेश योगी यांच्या पद्धतीनें ध्यान करणाऱ्यांवरील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. १९७५ सालीं हर्बर्ट बेन्सन यांनीं त्या पद्धतींतील मंत्राचें विशेषत्व काढून टाकून, कोणत्याहि साध्या शब्दाच्या आवर्तनानें शरीरास तीच विश्रांति मिळते असें प्रतिपादिलें. १९७९ सालीं जॉन कबात-झिन यांनीं मॅसॅच्युसेट्समधील वैद्यकीय विद्यालयांत ताण व वेदना यांनीं गांजलेल्या रोग्यांसाठीं ध्यानाचा वर्ग काढला. येथें क्रम पुरा उलटला : ध्यान रुग्णालयांत आलें आणि धर्म दाराबाहेर राहिला. या साऱ्या दाव्यांची २०१४ सालीं जी मोठी छाननी प्रसिद्ध झाली, तींत ४७ प्रयोग व ३,५१५ मनुष्यें यांचा हिशेब होता. चिंता, खिन्नता व वेदना यांत ध्यानानें अल्प ते मध्यम प्रतीचा उतार पडतो, परंतु औषध किंवा व्यायाम यांपेक्षां तें सरस असल्याचा पुरावा नाहीं, असा तिचा निर्णय आहे.

७. रंगूनमधील एक प्रसंग

जुनी व नवी अशा दोन्ही दृष्टि समोरासमोर आल्याचा एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. १९५५ सालीं ब्रह्मदेशांतील व्यापारी सत्यनारायण गोएंका हे अर्धशिशीच्या तीव्र वेदनांनीं त्रासलेले असतां रंगूनमध्यें ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकण्यास गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल असून विपश्यनेचे आचार्य होते. रोग घालविण्याच्या हेतूनें येत असाल तर शिकवितां येणार नाहीं, तो या विद्येचा अवमान होय, असें सांगून त्यांनीं प्रथम नकार दिला. चित्तशुद्धीसाठीं येत असाल तर या, रोग गेला तर तो वाटेंतला लाभ समजा, असा त्यांचा आशय होता. गोएंकांनीं तें मान्य केलें व पुढें त्यांची व्यथाहि गेली. जुलै १९६९ मध्यें त्यांनीं मुंबईस पहिलें शिबिर घेतलें, आणि १९७६ पासून इगतपुरीचें धम्मगिरि हें या साधनेचें मोठें केंद्र झालें. योगसूत्रांत जो क्रम आहे तोच ऊ बा खिन यांच्या तोंडीं होता; आणि शेवटीं व्यथा गेली म्हणून नवा क्रम मानणाऱ्यांसहि हा प्रसंग आपल्या बाजूचा वाटतो. एकाच घटनेंतून दोन इतिहास निघतात ते असे.

८. निष्कर्ष

वरील पुराव्यावरून आम्ही पुढील निर्णयाप्रत येतों. चित्ताची प्रसन्नता व देहाचें स्वास्थ्य यांचा ध्यानाशीं असलेला संबंध प्राचीन आहे. मानस दोषांवर समाधीचा उपाय चरकास ठाऊक होता. परंतु आरोग्य हेंच ध्यानाचें प्रयोजन, ही समजूत इ. स. १९१८ ते १९७९ या सुमारें साठ वर्षांत घडली.

हा कालनिश्चय केल्यानें योगाची थोरवी कमी होते, असें कांहीं वाचकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. उलट ही समजूत दोन हजार वर्षें मागें लोटल्यानें दोन तोटे होतात. पहिला तोटा रोग्याचा. पुराणत्व हाच पुरावा मानला म्हणजे आजची परीक्षा टाळली जाते, आणि जुन्या ग्रंथांतील फलश्रुति तेवढी उचलून त्यांतील इशारे गाळले जातात. ज्या ग्रंथाच्या आधारें प्राणायाम सर्वरोगहर म्हणून सांगितला जातो, त्याच ग्रंथानें वाघाचा दृष्टांत दिला आहे. कोणी ध्यानाच्या भरंवशावर चालू औषध बंद करील, तर त्यास ना चरकाचा आधार मिळेल ना पतंजलीचा. कांहीं साधकांची अस्वस्थता ध्यानानें वाढते, हा अनुभवहि आज नोंदला गेला आहे, आणि स्वात्मारामास त्याचें आश्चर्य वाटलें नसतें.

दुसरा तोटा इतिहासाचा. ज्यांनीं रुग्णालयांतील यंत्रापुढें योगी बसविला, ज्यांनीं चमत्कारांतून खरें तेवढें निवडलें, त्यांचें श्रेय अनामिक पूर्वजांच्या खातीं जमा होतें. ऋषींस आरोग्यकेंद्राचे संस्थापक करण्यानें ऋषींचा मान वाढत नाहीं. गुणे मास्तरांचा मात्र कमी होतो. ऋषींनीं जें शोधलें तें त्यांचें, आणि लोणावळ्यास जें मोजलें गेलें तें लोणावळ्याचें, असा हिशेब सरळ ठेवणें हेंच इतिहासकाराचें काम आहे.